विश्लेषण : अ‍ॅव्हरेज उत्तम, पण हिशेब जुळतो का? हायब्रिड सेडान घेण्यापूर्वी…

मध्यम आकाराच्या सेडानमध्ये डिझेलचा पर्याय जवळपास संपला आहे. इलेक्ट्रिक मोटारीसाठी सोसायटीत चार्जर बसेल की नाही, याची अनेकांना खात्री नाही. पेट्रोल लिटरला शंभरीपार गेले त्याला बरेच दिवस झाले. अशा वेळी शोरूममध्ये ‘हायब्रिड घ्या, लिटरला २७ किलोमीटर’ असे कोणी सांगितले की मध्यमवर्गीय ग्राहकाचे कान टवकारतात. पण त्याच मोटारीच्या पेट्रोल आवृत्तीपेक्षा हायब्रिडसाठी काही लाख रुपये जादा मोजावे लागतात. हे पैसे वसूल होतात का, कोणाचे होतात आणि कोणाचे कधीच होत नाहीत, याचा हा हिशेब.

हायब्रिड सेडानचा विचार आताच का?

काही वर्षांपूर्वी ज्याचे फिरणे जास्त तो डिझेल घेई आणि ज्याचे कमी तो पेट्रोल, इतके हे गणित सोपे होते. १ एप्रिल २०२३ पासून प्रदूषणाचे ‘बीएस-६’ निकष दुसऱ्या टप्प्यात आणखी कडक झाले. प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाची तपासणी त्यात आली. डिझेल इंजिन या निकषांत बसवणे खर्चिक ठरू लागल्याने होंडा सिटी आणि ह्युंदाई व्हर्ना या दोन्ही लोकप्रिय सेडानच्या डिझेल आवृत्त्या बंद झाल्या. फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया या त्यांच्या स्पर्धक सेडान तर पहिल्यापासून पेट्रोलवरच आहेत. त्यामुळे ज्याला सेडानच हवी आहे आणि इंधनाचा खर्चही आवरायचा आहे, त्याच्यासमोर उरतो हायब्रिड.

या गटात पर्याय मात्र फारसे नाहीत. टोयोटा कॅम्री हायब्रिड आहे, पण तिची किंमत ५० लाखांच्या घरातली. मध्यमवर्गीय ग्राहकाच्या आवाक्यातले ठळक नाव एकच, ते म्हणजे होंडा सिटी ई-एचईव्ही. ती मे २०२२ मध्ये १९ लाख ४९ हजार रुपये या एक्स-शोरूम किमतीला बाजारात आली. मारुती ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडर याही स्ट्राँग हायब्रिड आहेत, पण त्या एसयूव्ही. म्हणून सेडानचा हिशेब मांडताना सिटीचेच उदाहरण घेणे सोयीचे.

‘माइल्ड’ आणि ‘स्ट्राँग’ यांत फरक काय?

‘हायब्रिड’ या एका शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी विकल्या जातात. माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनाला उठाव देताना हातभार लावते आणि सिग्नलला बंद पडलेले इंजिन पुन्हा झटकन सुरू करते. ती एकटी गाडी ओढू शकत नाही. २०१५ मध्ये मारुती सियाझमध्ये आलेले तंत्रज्ञान या प्रकारचे होते. अशा मोटारींना मिळणारे केंद्राच्या ‘फेम’ योजनेतील अनुदान सरकारने २०१७ मध्ये थांबवले, ते त्यांचा इंधनबचतीतील वाटा बेताचाच असल्यामुळे.

स्ट्राँग हायब्रिडमध्ये विजेवरची मोटर स्वतःच्या बळावर गाडी चालवू शकते. बाहेरून चार्जिंग करावे लागत नाही. बॅटरी इंजिनाकडून आणि ब्रेक लावताना वाया जाणाऱ्या ऊर्जेतून भरते. गाडीच्या मागे ‘हायब्रिड’ अशी अक्षरे दिसली तरी ती यातली कोणती, हा ग्राहकाने विचारायचा पहिला प्रश्न. पुढचा सगळा हिशेब स्ट्राँग हायब्रिडचा आहे.

ही मोटार चालते कशी?

सिटी ई-एचईव्हीमध्ये दीड लिटरचे पेट्रोल इंजिन आणि दोन विद्युत मोटरी आहेत. एक मोटर जनित्राचे काम करते, दुसरी चाके फिरवते. गाडी उभ्या जागेवरून निघते किंवा वाहतूक कोंडीत रेंगाळते, तेव्हा शक्य असेल तर ती केवळ बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली किंवा जोर हवा असला की इंजिन सुरू होते. मात्र तेव्हाही ते सहसा थेट चाके फिरवत नाही. ते वीज तयार करते आणि त्या विजेवर मोटर गाडी ओढते. महामार्गावर वेग स्थिर झाला की एक क्लच इंजिनाला थेट चाकांशी जोडतो, कारण तिथे तेच किफायतशीर ठरते. नेहमीच्या अर्थाने गिअरबॉक्स या गाडीत नाही.

बचत कुठून येते, हे यावरून लक्षात येते. पेट्रोल इंजिन सर्वांत जास्त इंधन वाया घालवते ते थांबत-चालत, अर्धवट वेगात. हायब्रिड नेमके तेच टाळते. शिवाय तिचे इंजिन अ‍ॅटकिन्सन पद्धतीवर चालते. त्याची ताकद थोडी कमी असते, पण इंधनाचा वापर अधिक चांगला होतो. राहिलेली ताकद मोटर भरून काढते. मोटरचा जोर, म्हणजे टॉर्क, २५३ न्यूटन मीटर आहे, तर साध्या पेट्रोल सिटीचा १४५. त्यामुळे शहरात गाडी झटकन आणि आवाज न करता उठते. घाट चढताना मात्र चित्र बदलते. लहानशी बॅटरी लवकर उतरते आणि इंजिनाचा आवाज चढा लागतो. घाट उतरताना ती तितक्याच लवकर भरते, म्हणजे उताराचा सगळा फायदा तिला साठवता येत नाही.

लिटरला २७ किलोमीटर हा आकडा खरा मानायचा का?

कंपनीचा दावा लिटरला २७.१३ किलोमीटरचा आहे. पेट्रोल सिटीच्या ऑटोमॅटिक आवृत्तीसाठी तो १८.४ आहे. हे आकडे प्रमाणित चाचणीतले आहेत. अशा चाचण्या घेणाऱ्या संस्थांपैकी एक, ‘एआरएआय’, पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर, ठरावीक वेगचक्रात आणि वातानुकूलन बंद ठेवून होते. दुपारी चारला चांदणी चौकात एसी लावून अडकलेल्या गाडीचे हे चित्र नव्हे. शिवाय पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्याने अ‍ॅव्हरेज काही टक्क्यांनी घटते. ही घट दोन्ही गाड्यांना लागू आहे.

गंमत अशी, की ब्रोशरमधले आकडे हायब्रिडची बाजू फुगवून नव्हे, तर काही अंशी कमी करून सांगतात. लिटरला १०४ रुपये दर धरला तर दाव्यानुसार पेट्रोल गाडीचा खर्च किलोमीटरला ५ रुपये ६५ पैसे आणि हायब्रिडचा ३ रुपये ८३ पैसे येतो. बचत १ रुपया ८२ पैसे. प्रत्यक्षात शहरातील कोंडीत साधी ऑटोमॅटिक पेट्रोल सेडान ११ किलोमीटरच्या आसपास घसरते आणि हायब्रिड २० च्या आसपास टिकते, असे धरले तर हाच खर्च ९ रुपये ४५ पैसे आणि ५ रुपये २० पैसे होतो. बचत किलोमीटरला सव्वाचार रुपये, म्हणजे दाव्यातील बचतीच्या दुपटीहून अधिक. उलट मोकळ्या महामार्गावर पेट्रोल गाडी १७ आणि हायब्रिड २२ देत असेल, तर बचत फक्त १ रुपया ३९ पैसे उरते.

सांगायचे ते इतकेच, की ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘गाडी कुठे चालणार आहे?’ हा त्याआधीचा प्रश्न. डिझेलच्या काळातली सवय इथे नेमकी उलटी करावी लागते. डिझेल लांबच्या प्रवासाला फायद्याचे होते, हायब्रिड सिग्नलच्या रांगेत फायद्याची आहे.

जादा किती मोजावे लागतात?

मार्च २०२३ मध्ये सिटीची सुधारित आवृत्ती आली, तेव्हा सर्वांत वरच्या श्रेणीतील पेट्रोल ऑटोमॅटिक १५ लाख ९७ हजारांना आणि त्याच श्रेणीतील हायब्रिड २० लाख ३९ हजारांना होती. फरक ४ लाख ४२ हजारांचा. २०२५ मध्ये हायब्रिडची किंमत २० लाखांच्या खाली आली आणि फरक कमी झाला. आजचा नेमका आकडा विक्रेत्याच्या लेखी कोटेशनमधूनच घ्यावा, कारण सवलती महिन्यागणिक बदलतात. हिशेबासाठी एक्स-शोरूम फरक साडेतीन लाख धरू.

पण ग्राहक एक्स-शोरूम किंमत देत नाही, तो ऑन-रोड किंमत देतो. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल मोटारीला १२ टक्के एकरकमी वाहन कर आहे, २० लाखांच्या वर १३ टक्के. हायब्रिडला यात वेगळी सूट नाही. म्हणजे साडेतीन लाखांवर ४२ हजारांचा कर आणि त्यावर विम्याचा वाढीव हप्ता. फरक चार लाखांवर जातो.

इथे आणखी एक मेख आहे. हायब्रिड वरच्या श्रेणीत मिळते, म्हणून तुलनाही वरच्या श्रेणीतील पेट्रोलशी केली जाते. पण पेट्रोल घेणारे अनेक जण एखादी पायरी खालचीच श्रेणी घेतात. सनरूफ किंवा चामड्याच्या आसनांची ज्याला गरजच नाही, त्याच्यासाठी खरा फरक चार नव्हे, पाच लाखांच्या पुढे जाऊ शकतो. तेव्हा ‘जी पेट्रोल गाडी आपण खरोखर घेतली असती’ तिच्याशीच तुलना करावी, विक्रेता दाखवेल तिच्याशी नाही.

हे पैसे वसूल कधी होतात?

ऑन-रोड फरक चार लाख आणि वरची बचत धरून तीन प्रकारचे ग्राहक पाहू.

पहिला ग्राहक हडपसरहून हिंजवडीला रोज कार्यालयात जाणारा. रोजचे साठेक किलोमीटर आणि सुट्टीचे फिरणे मिळून महिन्याला १५०० किलोमीटर, त्यातले नव्वद टक्के शहरात. त्याची बचत किलोमीटरला सुमारे ३ रुपये ९६ पैसे. चार लाख वसूल व्हायला एक लाख किलोमीटरच्या थोडे पुढे, म्हणजे साडेपाच वर्षे लागतात. गाडी आठ-दहा वर्षे ठेवणार असेल तर त्याचा हिशेब जुळतो.

दुसरे, नाशिकचे निवृत्त दाम्पत्य. बाजारहाट, नातेवाईक, वर्षातून दोन-तीन दूरचे प्रवास. महिन्याला ५०० किलोमीटर, त्यातले सत्तर टक्के शहरात. बचत किलोमीटरला ३ रुपये ३९ पैसे, म्हणजे महिन्याला १७०० रुपये. पैसे वसूल व्हायला एक लाख १८ हजार किलोमीटर, अर्थात जवळपास वीस वर्षे. पेट्रोल मोटारीची पहिली नोंदणीच १५ वर्षांची असते. केवळ बचतीसाठी ही गाडी घेणे त्यांच्यासाठी सरळ तोट्याचे आहे.

तिसरा ग्राहक कोल्हापूरचा व्यावसायिक. पुणे, बेळगाव, मुंबई अशी महिन्याला अडीच हजार किलोमीटरची धाव, बहुतेक महामार्गावर. एवढे फिरणे असूनही बचत किलोमीटरला १ रुपया ३९ पैसेच. वसुलीला २ लाख ८८ हजार किलोमीटर, म्हणजे साडेनऊ वर्षे. बॅटरीची हमी त्याआधी, साडेपाच वर्षांच्या आतच संपलेली असेल. सर्वांत जास्त फिरणारा हा माणूस हायब्रिडचा आदर्श ग्राहक वाटतो, पण तसा तो नाही.

कर्ज काढले तर?

बहुतेक मोटारी हप्त्यावर घेतल्या जातात आणि इथेच हिशेब गडबडतो. जादा चार लाख नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले तर त्यांचा मासिक हप्ता सुमारे ८,३०० रुपये येतो आणि एकूण व्याज ९८ हजारांवर जाते. फरक चारचा पाच लाख झाला. वरच्या पहिल्या ग्राहकाची वसुली साडेपाचवरून सात वर्षांवर जाते. महिन्याचा हिशेब केला तर तो ८,३०० रुपये हप्ता भरून इंधनात सहा हजारांच्या आसपास वाचवतो. म्हणजे पहिली पाच वर्षे त्याच्या खिशातून दरमहा दोन-सव्वादोन हजार जादाच जातात. ‘पेट्रोलच्या बचतीतूनच हप्ता निघतो’ हे विक्रेत्याचे वाक्य ऐकायला गोड आहे, पण हिशेबाला उतरत नाही. रोख देणाऱ्यानेही मुदत ठेवीवर बुडालेले व्याज विसरू नये.

याउलट पेट्रोल महागले तर वसुलीचा काळ घटतो. पण पुढच्या दहा वर्षांतील पेट्रोलचा दर आजच गृहीत धरून आज चार लाख देणे हा अंदाजावरचा व्यवहार आहे, एवढे भान असावे.

बॅटरी बदलावी लागली तर?

हायब्रिडबद्दलची ही सर्वांत मोठी भीती आणि ती थोडी अतिरंजित आहे. सिटीतील बॅटरी केवळ ०.७ किलोवॉट-तासाची आहे. इलेक्ट्रिक मोटारीत ती ४०-५० किलोवॉट-तासांची असते. त्यामुळे ती बदलण्याचा खर्च इलेक्ट्रिक मोटारीच्या बॅटरीएवढा नसतो. बॅटरीवर आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवर हमी आहे. बॅटरी पूर्ण भरू किंवा पूर्ण उतरू दिली जात नसल्याने तिचे आयुष्यही वाढते. टोयोटाची प्रियस १९९७ पासून जपानमध्ये विकली जाते, तेव्हा हे तंत्रज्ञान कालपरवाचे नाही.

तरीही तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. आज ती बॅटरी आणि तिचा विद्युत नियंत्रक बदलायचा झाल्यास सुटे भाग आणि मजुरी धरून किती खर्च येतो? गाडी विकली तर हमी नव्या मालकाच्या नावे होते का? आणि पावसात गाडीत पाणी शिरले तर विम्यात हायब्रिड यंत्रणा धरली आहे का? नेहमीच्या विम्यात पाण्याने झालेले इंजिनाचे नुकसान सहसा येत नाही, त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. मुंबई, ठाणे किंवा सांगली-कोल्हापूरच्या पूररेषेत राहणाऱ्याने हा प्रश्न अ‍ॅव्हरेजच्या आधी विचारावा. दुरुस्तीचेही असेच. उच्च दाबाच्या विजेचे काम कोपऱ्यावरच्या गॅरेजचे नव्हे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने अधिकृत केंद्र किती दूर आहे, हे पाहावे.

आणखी तडजोडी कोणत्या?

सर्वांत मोठी तडजोड डिकीची. पेट्रोल सिटीची डिकी ५०६ लिटरची, हायब्रिडची ३०६ लिटरची, कारण मागच्या बाजूला बॅटरी बसते. मारुती बलेनो या हॅचबॅकची डिकीही ३१८ लिटरची आहे. सेडान घेण्याचे एक मोठे कारणच इथे निम्मे होते. गणपतीला चार माणसे आणि त्यांचे सामान घेऊन कोकणात जाणाऱ्या कुटुंबाने टेस्ट ड्राइव्हला घरच्या बॅगा सोबत न्याव्यात आणि डिकीत भरून पाहाव्यात. गाडीचे वजनही पेट्रोलपेक्षा शंभर किलोहून अधिक आहे.

जमेच्या बाजूला शांतपणा आहे, गिअरचे झटके नाहीत, चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत आणि ऊर्जा परत मिळवणाऱ्या ब्रेकमुळे ब्रेक पॅड कमी झिजतात. चालकाला मदत करणारी ‘एडास’ यंत्रणा आहे, मात्र ती पेट्रोलच्या बहुतेक श्रेणींतही मिळते, त्यामुळे ती हायब्रिडची खासियत म्हणून मोजू नये. टाकी ४० लिटरची असल्याने शहरातही एका भरणीत ७५०-८०० किलोमीटर जाता येते. रोज दोन-तीन तास कोंडीत काढणाऱ्याला संध्याकाळी कमी थकवा येणे, याला पैशांत किंमत नाही, पण किंमत आहे. तिच्यासाठी पैसे मोजायचे असतील तर जरूर मोजावेत, फक्त त्याला ‘बचत’ म्हणू नये.

मग सरळ इलेक्ट्रिकच का घेऊ नये?

ज्याच्या स्वतःच्या पार्किंगमध्ये चार्जर बसू शकतो, त्याने हा प्रश्न गांभीर्याने विचारावा. युनिटला १० ते १२ रुपये आणि युनिटमागे सहा-सात किलोमीटर धरले तरी घरच्या चार्जिंगवर खर्च किलोमीटरला दीड ते दोन रुपये येतो. शहरातील हायब्रिडचा खर्च सव्वापाच रुपये. इलेक्ट्रिक मोटारीवर जीएसटी पाच टक्के आहे. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणानुसार तिला वाहन करात सूट आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतूवर पथकर माफीही आहे. हायब्रिडला यातले काहीच नाही.

अडचण आहे ती सोसायटीची परवानगी, सामायिक पार्किंग आणि आडमार्गावरील चार्जिंगची. कुटुंबात एकच मोटार असेल आणि तिलाच गावीही जायचे असेल, तर हायब्रिड निर्धास्तपणा देते. म्हणूनच हायब्रिड ही चार्जरची सोय नसलेल्या शहरी माणसाची गाडी आहे. सोय असलेल्याने तिच्यासाठी चार लाख जादा देण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

सरकारचे धोरण काय सांगते?

ग्राहकाचा हिशेब बिघडवण्यात कररचनेचाही हात आहे. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी या आकाराच्या पेट्रोल मोटारीवर उपकरासह ४५ टक्के आणि हायब्रिडवर ४३ टक्के कर होता. नव्या रचनेत दोन्ही ४० टक्क्यांवर आल्या. कर कमी झाला हे खरे, पण हायब्रिडला असलेला दोन टक्क्यांचा नाममात्र फायदाही गेला. २० लाखांच्या एक्स-शोरूम किमतीत ५ लाख ७१ हजार रुपये जीएसटीचेच असतात. त्यावर राज्याचा कर वेगळा. उत्तर प्रदेशने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडवरील नोंदणी कर माफ केला, महाराष्ट्राने तसे केलेले नाही.

हायब्रिडवरील कर कमी व्हावा, अशी भूमिका केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी जाहीरपणे मांडली आहे. वाहन उद्योगात मात्र यावर दुफळी आहे. टोयोटा आणि मारुती सवलतीच्या बाजूने, तर इलेक्ट्रिकमध्ये मोठी गुंतवणूक केलेल्या टाटा आणि महिंद्र विरोधात. विरोधकांचा मुद्दा निराधार नाही. हायब्रिड शेवटी पेट्रोलच जाळते आणि २० लाखांची गाडी घेणाऱ्याला सार्वजनिक पैशातून सवलत का द्यावी, हा प्रश्न बससाठी तासभर थांबणाऱ्याने विचारला तर त्याला उत्तर द्यावेच लागेल.

पण सवलत देणे वेगळे आणि भेद न करणे वेगळे. वरच्या हिशेबाने वर्षाला १२ हजार किलोमीटर फिरणारा मिश्र वापराचा ग्राहक पेट्रोल गाडीत सुमारे ९७५ लिटर इंधन जाळतो, हायब्रिडमध्ये ५८५. चाळीस टक्के इंधन वाचवणाऱ्या आणि न वाचवणाऱ्या गाडीला कराच्या तराजूत एकच वजन, हे तेल आयात करणाऱ्या देशाला परवडणारे नाही. कर गाडीच्या लांबीवर आणि इंजिनाच्या आकारावर न ठरवता प्रत्यक्ष उत्सर्जनावर ठरवला, तर सवलतीचा वादच उरणार नाही. जी गाडी जितके कमी जाळते, तिला तितका कमी कर, मग तिचे नाव काहीही असो.

मग घ्यावी की नाही?

महिन्याला १५०० किलोमीटरच्या आसपास किंवा अधिक फिरणे, त्यातला मोठा भाग शहरात, गाडी किमान सात-आठ वर्षे ठेवण्याची तयारी, घरी चार्जरची सोय नाही आणि मोठ्या डिकीची गरज नाही. या पाचही गोष्टी जुळत असतील तर हायब्रिड सेडान हा शहाणपणाचा व्यवहार आहे. यातल्या दोन जरी निसटल्या, तर पेट्रोल सेडान घेऊन उरलेले चार लाख हाती ठेवणे अधिक शहाणपणाचे. चार लाखांत, ११ किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज धरूनही, ४२ हजार किलोमीटरचे पेट्रोल येते. महिन्याला ५०० किलोमीटर फिरणाऱ्याची ती सात वर्षांची बेगमी झाली.

मधला मार्गही आहे. दोन-तीन वर्षे वापरलेली हायब्रिड घेतली तर नवेपणाची घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते आणि बॅटरीच्या हमीची पाच-सहा वर्षे उरतात. अधिकृत केंद्रातील सेवेच्या नोंदी आणि बॅटरीची तपासणी करून घेता आली, तर वसुलीचा काळ बराच कमी होतो. ज्यांना तंत्रज्ञान आवडले आहे पण हिशेब जुळत नाही, त्यांनी हा पर्याय तपासावा.

घराखालोखाल मोटार ही मध्यमवर्गीय कुटुंबाची सर्वांत मोठी खरेदी. घर घेताना लोक चटईक्षेत्र स्वतः मोजतात, मोटार घेताना मात्र अ‍ॅव्हरेजच्या एका आकड्यावर भाळतात. मागच्या तीन महिन्यांत आपण नेमके किती किलोमीटर फिरलो आणि त्यातले किती शहरात, एवढे सध्याच्या गाडीच्या मीटरवरून आधी लिहून काढावे. शोरूममध्ये पाऊल टाकण्यापूर्वी तो कागद खिशात असला, तर हायब्रिड घ्यायची की नाही याचे निम्मे उत्तर आधीच मिळालेले असेल.